दोरी बघणारा

रोह्यात नवा आलेला माणूस उबेद सरखोताला विचारतो, "तुम्ही काय करता?" उबेद सांगतो, "दोरी बघतो." कुणाला वाटतं हा जहाजावर असणार, कुणाला वाटतं सुतळी-गोणपाटाचं दुकान असणार. मोहल्ल्यातली माणसं हसतात, कारण उबेद थापा मारत नाही हे त्यांना ठाऊक आहे. भात कापून झालं, शेतं सुकली, की कुंडलिकेच्या काठाला एका सपाट शेतात पाच-सहा माणसं हातात लांब लवचिक काठ्या घेऊन जमतात. नदी दोन बांध पलीकडं वाहत असते, तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. दोरीच्या टोकाला गळ नसतो, आमिष नसतं, लोकरीचा बारका पिवळा गोंडा असतो. तो गोंडा ही माणसं हवेत मागं फेकतात, पुढं फेकतात, परत मागं, परत पुढं. उबेद बाजूला उभा राहून बघतो, आणि शेवटी सांगतो कोण पास, कोण नापास. पहिल्या वर्षी गुरं राखणाऱ्या बायांनी हा खेळ बघून ठरवूनच टाकलं होतं, की डोकं फिरलेल्या शहरी माणसांना हवापालटाला आणलंय.

डोकं फिरलेली नव्हती. दुसऱ्यांना मासेमारी शिकवायची, त्यासाठी सर्टिफिकेट पाहिजे, म्हणून आलेली होती. ही मासेमारी आपल्याकडची नाही. हिच्यात गळाला पिसांची खोटी माशी बांधतात. पिसाला कसलं आलंय वजन? ते फेकलं तर पायाशीच पडणार. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं, आणि फेकायची असते ती दोरी. माशी तिच्या मागनं गुमान जाते. काठी पुढं नेऊन गपकन थांबवली, की दोरी हवेत स्वतःवरच दुमडते, बाईच्या केसातल्या आकड्यासारखी. एक पदर वर, एक खाली, पुढं गोल वाक. तो वाक उलगडत उलगडत पुढं पळतो. त्याला म्हणतात लूप. उबेदची सगळी नोकरी त्या दोन पदरांच्या मधल्या हवेत आहे.

लूप बारीक असला तर दोरी वाऱ्याला कापत जाते. मोठा असला तर वारा त्याच्यात शिरतो, आणि दोरी फाटक्या शिडासारखी मध्येच मान टाकते. नियम सांगतो, बारीक लूप माणसाच्या कमरेइतका उंच, त्याच्यावर नाही. आता हवेत पळणारी दोरी कमरेइतकी आहे का गळ्याइतकी, हे मोजणार कशानं? पट्टी लावायला ती थांबते थोडीच. उबेद हात लांब करतो आणि बोटं आडवी धरतो. मिठागरावरची माणसं दिवस किती राहिला ते बघायला सूर्याखाली बोटं धरतात, तसं. ठरलेल्या जागेवर उभं राहिलं तर कमरेइतका लूप तीन बोटांत मावतो. करंगळी बाहेर काढावी लागली, की माणूस नापास.

ही बोटं त्याला काळुरामच्या बापानं शिकवली होती. उबेदचं आजोळ पेणच्या खाडीकडं, जित्याच्या बाजूला. मामाचा मिठाचा व्यापार, आणि मिठागरावर काम करणाऱ्यांत काळुरामचं घर. शाळेला सुट्टी पडली की उबेद आजोळी, आणि आजोळी म्हणजे मामाच्या घरी कमी, काळुरामबरोबर खाडीत जास्ती. दोघं एका वयाचे. काळुरामनंच त्याला पाग टाकायला शिकवला. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं, काठाला शिशाच्या गोळ्या. एक पदर दातात, एक कोपरावर, बाकी हातात, आणि कमरेतनं गिरकी घेऊन असा सोडायचा की हवेत ताटासारखा उघडून पाण्यावर सपाट बसला पाहिजे. त्याला म्हणतात पाग फुलणं. जेवढा फुलेल तेवढा चांगला. नाही फुलला आणि गचाळा होऊन पडला, तर काठावरनं बाया ओरडायच्या, "काय रं, लुगडं धुतंस काय?" उबेदनं असली लुगडी लय धुतली. मग एक दिवस पाग फुलला, आणि त्या दिवशी अंगातनं जे काय गेलं, ते तो अजून सांगू शकत नाही. काळुरामनं नुसतं खाली बसून मासे वेचले. त्यांच्याकडं शाबासकी अशीच देतात.

पुढं सगळे जातात तसा उबेद आखातात गेला. मस्कतला एका कंपनीच्या गोदामावर लागला. तिथं एक गोरा साहेब शुक्रवारी सकाळी समुद्राच्या वाळूवर काठी घेऊन ही दोरी उडवायचा, आणि उबेद त्याला चहाचा थर्मास घेऊन गाडीनं सोडायचा. बघून बघून एकदा उबेदनं काठी मागितली. पाग टाकल्यासारखी कमरेतनं गिरकी घेतली आणि दोरी भिरकावली. साहेब हसून म्हणाला, हे काय, माशाला चादर घालतोयस काय? त्या कमरेला गप्प बसवण्यात उबेदची कित्येक वर्षं गेली. पण एकदा बसली ती बसली. साहेबानं त्याला परीक्षेला बसवलं, त्याच्यानंतर शिकवायला लावलं, आणि ही सर्टिफिकेटं देणाऱ्या परदेशातल्या संस्थेनं शेवटी त्याला परीक्षा घेणारा केला. गोदामात माणूस तोच, पगार तोच. शुक्रवारी मात्र इंजिनियर लोक त्याच्यासमोर काठी घेऊन उभे राहताना घाम पुसायचे.

म्हातारपण जवळ आलं तसा तो रोह्याला परतला. इशरतला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटलं होतं आता हा घरात बसून पंख्याखाली पेपर वाचेल. पण नदीवर कॅम्प झाले होते, शहरातनं माणसं यायला लागली होती, त्यांना शिकवणारे पाहिजे होते, आणि शिकवणाऱ्यांना तपासणारे. तपासायला दोघं लागतात. दुसरे कमळाकर, पेणच्या रामवाडीत राहणारे, कारखान्यातनं निवृत्त झालेले. माणूस सरळ, नियमाला पक्का. सोबत घडीची खुर्ची आणतात, पण बसत नाहीत. उबेदचं आणि त्यांचं पटतं, कारण दोघांनाही काम चालू असताना बोलायला आवडत नाही.

आता मनस्वी. काळुरामची धाकटी. बारावी झाली, पेणला एका दुकानात बसली, तिथं मन लागलं नाही, मग रोह्याजवळच्या एका कॅम्पवर कामाला लागली. जित्याहून रोह्याला गाडीनं यायची-जायची. काम काय, तर आलेल्यांची नावं लिहायची, चहा-नाश्त्याचं बघायचं. पण नदीच्या पोरीला नदीपासून लांब ठेवणार कसं? शिकवायला येणाऱ्याचं बघून तिनं काठी उचलली. हात बापाचा, नजर आईची. मालकानं बघितलं आणि सांगितलं, सर्टिफिकेट आण, येत्या हंगामापासून शिकवायला तूच. बाहेरनं माणूस आणायला परवडत नाही. पण हंगामाच्या आत आण, नाहीतर मला दुसरी व्यवस्था करावी लागेल.

झालं, मनस्वी कामाला लागली. घरामागं मिठागराच्या बांधावर रोज सराव. चंद्रावती, तिची आई, सुकटं वाळत घालता घालता म्हणायची, अगो, ती दोरी तारेत अडकेल नि लाइट जाईल. मनस्वी चुलत बहिणीच्या हातात मोबाईल देऊन बाजूनं व्हिडिओ काढायला लावायची. परीक्षा घेणारा बाजूलाच उभा असतो, म्हणून बाजूनं. रात्री ते व्हिडिओ हळू करून बघायची. लूप सुईसारखे. तिनं ते कॅम्पवर दाखवले, सगळे म्हणाले, तू पास झालीस असंच समज.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काळुराम रोह्याला आला. पिशवीत खाडीच्या चिंबोऱ्या, जिवंत खेकडे, पिशवीचं तोंड गवतानं बांधलेलं. त्या इशरतच्या हातात दिल्या, ओट्यावर बसला, चहा घेतला. बोलणं मामाच्या पडक्या वखारीचं झालं, खाडीत आता काय मिळत नाही त्याचं झालं. उठताना चपला घालता घालता तो म्हणाला, "पोरीची परीक्षा तुज्याकडं हाय."

"माज्याकडं नि कमळाकरभाऊंकडं."

"ते मना ठाव नाय. मी तुला वलखतो."

काळुरामनं कधी काय मागितलं नव्हतं. आताही मागितलं, असं म्हणता येत नव्हतं. चिंबोऱ्या मात्र पिशवीत कडकड वाजत होत्या.

परीक्षेच्या दिवशी मनस्वी तिसरी होती. पहिले दोघं शहरातले, त्यातला एक पास झाला, एक लूप समजावून सांगतानाच घसरला. मनस्वी आली ती पायात साधे बूट, केस घट्ट बांधलेले. उबेदकडं तिनं ओळखीनं बघितलंसुद्धा नाही, आणि ते त्याला बरं वाटलं. दोघं परीक्षक तिच्या उजव्या अंगाला ठरलेल्या जागेवर उभे राहिले. कमळाकरांनी सांगितलं, बारीक लूप दाखवा.

दोरी उठली. मागं गेली, पुढं आली, मागं, पुढं. उबेदनं हात लांब केला, बोटं धरली. तीन बोटांत मावला. दुसरा दोन बोटांत. तिसरा पण दोन. असा लूप त्या शेतात त्यानं फारसा बघितला नव्हता. कमळाकरांनी मान हलवली आणि खूण केली. उबेदच्या हातातलं पेनही कागदावर टेकलं होतं.

तिथं ते थांबलं, कारण त्याला काठी आखूड दिसली.

म्हणजे कसं, की रोज ज्या दारातनं आपण जातो ते दार एक दिवस बुटकं दिसावं, तसं. या काठ्यांची लांबी ठरलेली. सकाळपासून त्याच लांबीच्या काठ्या तो बघत होता. मनस्वीच्या हातातली काठी त्याला हातभर कमी वाटली. डोळे म्हातारे झाले म्हणून त्यानं चष्मा पुसला. परत बघितलं. काठी आखूडच. मग त्याची नजर लूपवरनं उतरली आणि पोरीच्या कमरेवर गेली. हात उठायच्या आधी कंबर फिरत होती. थोडीशीच, दुसऱ्या कुणाला दिसली नसती. ती कंबर उबेदनं पन्नास वर्षांमागं खाडीत बघितली होती.

काठी उभी नव्हती. ती त्याच्याच दिशेनं कललेली होती, म्हणून आखूड दिसत होती. आणि काठी कलली तर लूपही कलणार, आडवा पडणार, पाण्यावर पाग पडतो तसा. ताट उभं धरलं तर बाजूनं गोल दिसतं. आडवं धरलं की नुसती कड दिसते. दोन बोटांत मावत होती ती कड होती.

तो अजून काय बोलला नव्हता. बोलायची गरजही नव्हती. दोघांनी ठरलेल्या जागेवरनं बघितलं होतं, ठरलेल्या जागेवरनं लूप बारीक होता, कमळाकरांनी खूण केलेली होती. आपण पेन फिरवलं की पोर शिकवायला लागणार. काळुराम आयुष्यभर चिंबोऱ्या आणणार. आणि नदीवर येणारं प्रत्येक माणूस तिचं बघून कंबर फिरवणार, वारा आला की दोरी मान टाकणार, आणि ते म्हणणार आमचा वारा खराब. उबेदला साहेबाची चादर आठवली. राग आला तो कुणावर, ते त्याला कळलं नाही.

तो जागेवरनं हलला. कमळाकरांनी भुवया वर केल्या, कारण परीक्षा चालू असताना उबेद हलत नसे. तो बांधाला वळसा घालून मनस्वीच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, टाक. तिनं टाकला. मागनं लूप बैलगाडीच्या चाकाएवढा दिसला. त्यानं कमळाकरांना हातानं बोलावलं. ते आले, बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "अरेच्चा." मग म्हणाले, "पण आपण उभं कुठं राहायचं ते ठरलेलं आहे, उबेदभाई."

"हाय ना. तितनं लूप दिसतो. काठी कुठं कललीय ते हितनं दिसतं."

कमळाकरांनी हुज्जत घातली नाही. नियमात काठी उभी पाहिजे असंही लिहिलेलं होतं. फक्त ते इतकं उघड होतं की कुणी बघत नसे. दुसरी संधी प्रत्येकाला असते. दोघं परत ठरलेल्या जागेवर आले आणि त्यांनी मनस्वीला सांगितलं, काठी सरळ उभी धरून परत दाखवा. तिनं उभी धरली. लूप उभा झाला आणि खराखुरा दिसला. उबेदची सगळी बोटं संपली, तळहात संपला. तिनं परत टाकला, परत, परत. जितकी घाबरली तितकी कंबर जोरात फिरली.

उबेदनं तिचा मोबाईल मागितला, ती टाकत असताना मागनं व्हिडिओ काढला आणि तिच्यासमोर धरला. ती बघत राहिली. तिला वाटत होतं कुणीतरी दुसऱ्याच पोरीचा दाखवतंय.

"मी बाजूनं बघायची, चाचा," ती म्हणाली. "रोज बाजूनं बघायची."

"म्हाईत हाय गो."

"मग माझं चुकलं कुठं?"

उबेदनं सांगितलं नाही, कारण परीक्षेत सांगायचं नसतं. कागदावर नापास लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मनस्वी त्या दिवशी रडली नाही. काठीचे तुकडे वेगळे केले, पिशवीत भरले, उरलेल्यांचं बघायला न थांबता स्टेशनवर गेली. हंगाम सुरू झाला तेव्हा कॅम्पवर शिकवायला दुसराच आला, आणि तिच्याकडं नावं लिहायचं काम राहिलं. काळुरामचा निरोप आला नाही, शिव्याही आल्या नाहीत. एवढंच झालं की अधनंमधनं चिंबोऱ्यांची पिशवी यायची, ती बंद झाली. शब-ए-बरातला दरवर्षी इशरत जित्याला हलवा पाठवायची, तो तिनं पाठवला. डबा धुऊन परत आला, पण रिकामा. आपल्याकडं रिकामा डबा परत करत नाहीत. इशरत तो डबा मांडणीवर पालथा घालताना म्हणाली, "दोरी दिसते तुम्हाला. माणूस दिसत नाय."

उत्तर उबेदकडं होतं, पण ते इशरतला देण्यासारखं नव्हतं: माणूस दिसला म्हणूनच दोरी दिसली. काळुरामची कंबर ओळखीची नसती तर काठी आखूड का दिसते ते त्यालाही कळलं नसतं. परक्याची पोर असती तर पास झाली असती. हे तो त्या उन्हाळ्यात पुष्कळदा घोळवत बसला, आणि त्यातनं त्याला काय समाधान मिळालं नाही.

पाऊस संपता संपता मनस्वी आली. ओट्यावर चढली नाही, अंगणातच उभी राहिली. म्हणाली, चाचा, मी मागनं व्हिडिओ काढून बघते, कळतं, पण जात नाही. काठी उभी धरली की लूप मोठा होतो, लूप बारीक केला की काठी पडते. उबेदनं तिला विचारलं, लूप मोठा होतो तेव्हा तुला कसं वाटतं?

ती म्हणाली, "बरं वाटतं. खोटं कशाला सांगू? पाग फुलल्यासारखं वाटतं."

उबेद हसला. लय दिवसांनी हसला. एवढं खरं बोलणारा उमेदवार त्याच्याकडं आला नव्हता. त्यानं तिला सांगितलं, तुझ्या हातात खोट नाही, तुझ्या हाताला शाबासकी चुकीच्या जागी मिळते. पाण्यावर फुललेलं चांगलं. हवेत मिटलेलं चांगलं. माझंही तसंच होतं.

"शिकवाल?"

हा प्रश्न तिनं सहज विचारला, पण सहज नव्हता. ज्याला आपण शिकवलं त्याची परीक्षा आपण घ्यायची नाही, हा नियम आहे, आणि तो नियम उबेदनं इतरांना कितीदा ऐकवला होता. शिकवायचं म्हणजे या वर्षी त्या शेतात त्याची जागा नाही. रोह्यात ही परीक्षा त्यानं सुरू केली. एक साल चुकवलं नव्हतं. कमळाकर पुण्याहून कुणाला तरी बोलावतील, तो येईल, बोटं न धरता बघेल, आणि एकदा आला की दरवर्षी येईल. संस्थेला तरुण माणसं हवीच होती. उबेद अंगणातल्या शेवग्याकडं बघत उभा राहिला. मग इशरतला म्हणाला, चहा टाक, आणि पोरीला म्हणाला, वर ये.

गावाबाहेर भाताची एक बंद गिरणी आहे, तिची लांब भिंत आहे. उबेदनं मनस्वीला त्या भिंतीला उजवा खांदा लावून उभं केलं. काठी कलली की भिंतीला खरडणार. पहिल्या दिवशी काठी इतकी खरडली की तिचा वरचा रंग गेला. कमरेला तो काय बोलला नाही. कमरेला गप्प बस म्हटलं की ती जास्ती फिरते, हे त्याला माहीत होतं. तो हाताचं सांगायचा. घराला चुना देताना कुंचा भिंतीसमोर झटकतो आणि गपकन थांबतो, म्हणजे चुना उडून बरोबर तिथंच पडतो, तसं थांब. फिरवू नको, थांब. मनस्वी थांबायला शिकली, आणि थांबायला लागली तशी कंबर आपोआप बिनकामाची झाली. मग त्यानं उलटं सुरू केलं. आता पागाचा लूप दाखव. आता परत बारीक. आता परत पागाचा, आणि सांग काय चुकलं. शिकवणाऱ्याला चूक मुद्दाम करता आली पाहिजे, नाहीतर शिकणाऱ्याची चूक तो फक्त शिव्या देऊन दुरुस्त करतो. मनस्वीला पागाचा लूप मुद्दाम टाकताना फार जड गेलं. आधी जो न बोलावता यायचा, तो आता बोलावला तर येईना.

डिसेंबरात परीक्षा लागली. पुण्याहून एक तरुण आला होता, कानात वायर, पण माणूस बरा. उबेदनं सकाळी जाऊन कमळाकरांना सलाम केला आणि शेताच्या बाहेर पडला. कुठं बसावं ते त्याला सुचेना. मग त्याला शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, बांधावर, पटक्याखाली डोकं झाकून बसलेला काळुराम दिसला. पोर ज्या दिशेला दोरी टाकत होती त्याच्या अगदी समोर. काळुरामला कुणी बस म्हटलं नव्हतं, नको म्हटलं नव्हतं. उबेद गेला आणि जरा अंतर सोडून बसला.

मनस्वी उभी राहिली. दोरी उठली.

काळुराम उबेदकडं न बघताच म्हणाला, "पास काय?"

"हितनं कळत नाय. लूप बाजूनं दिसतो."

"मंग बाजूला जाऊन बस की. हितं कशाला बसलास?"

"तितं आज दुसरा हाय."

काळुरामनं याच्यावर विचार केला. मनस्वीनं त्याला सांगितलं होतं का नव्हतं, ते त्याच्या तोंडावरनं कळलं नाही. समोर दोरी मागं जात होती, पुढं येत होती. मघाशी बाजूला उभे असलेले कमळाकर जागेवरनं हलले, बांधाला वळसा घालून पोरीच्या पाठीमागं गेले, तिथनं बघितलं आणि परत जागेवर आले. पुण्याचा तरुण त्यांच्याकडं बघतच राहिला.

"मना तर निसती एक रेघ दिसते," काळुराम म्हणाला. "उभी. माडासारखी."

"कुठं कलते काय?"

काळुरामनं पटका मागं सारला आणि डोळे बारीक केले. पाग टाकणाऱ्याचे डोळे, पाण्याखालचं बघायची सवय असलेले. पोरीनं दोरी परत टाकली, आणि परत, आणि तो बघत राहिला.

"नाय," तो म्हणाला. "नाय कलत."

ती पास झाली, पण ते कळायला दुपार झाली. तोवर दोघं बांधावरच बसून होते. ऊन चढलं तसा काळुराम थोडा सरकला आणि उबेदला शेवरीच्या झाडाखालची सावलीतली जागा दिली.